वालांचे राखणदार

दुकानात वाल मिळतात, हे मला ठाऊक आहे. आधीच सांगून टाकते, कारण ही हकिगत सुरू केली की ऐकणारा पहिलं वाक्य हेच बोलतो. मुंबईत मिळतात, पुण्यात मिळतात, आणि पुण्यात राहणारी माझी मुलगी तर ते कुरियरने पाठवायला एका पायावर तयार असते. "मम्मी, कितने किलो भेजूँ, बस बता दो," असं तिचं चालू असतं. पण दुकानातले वाल वेगळे आणि माझ्या आईचे वेगळे. आईचे वाल बारीक, तांबूस आणि कडू म्हणजे खरोखर कडू. भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात एकेक दाणा सोलून त्यांचं बिरडं केलं, वर गूळ आणि ओलं खोबरं पडलं, की तो कडूपणा निमूट मागे सरतो आणि जेवण आटोपल्यावर हळूच पुन्हा जिभेवर येतो. हे ज्याला कळत नाही त्याला मी समजावत बसत नाही.

अलिबागकडे आमच्या घरामागे, भात कापून झालं की जमिनीतल्या त्याच ओलीवर आई वाल पेरायची. माझं लग्न झालं तेव्हा तिने कपड्यांच्या ट्रंकेत एक डबा बियाणं घातलं. नवरा हवाई दलात, विमानांच्या देखभालीवर. त्यामुळे जिथे बदली तिथे क्वार्टरच्या मागे माझे वाल. पंजाबात आले, राजस्थानच्या वाळूतसुद्धा मी ते आणून दाखवले. शेवटची बदली लखनौला झाली, नोकरी संपली, आणि आम्ही जानकीपुरममध्ये घर बांधून इथेच राहिलो. घरामागे चार खाटा मावतील एवढी क्यारी आहे. ती वालांची.

नवरा मूळचा साताऱ्याकडचा. त्याचं प्रेम घेवड्यावर. "तुमच्याकडे कडू लागलं तर फेकून देत नाहीत, वरून गूळ घालतात," हे तो लग्नापासून ऐकवत आलाय आणि बिरडं मात्र दोनदा वाढून घेतो.

आई जाऊन काही वर्षं झाली. भावाने घरामागची जमीन विकली आणि तिथे आता सुट्टीला येणाऱ्यांचा बंगला आहे, निळ्या पाण्याच्या तलावासकट. म्हणजे ते बियाणं उरलं होतं फक्त माझ्या डब्यात. आणि गेल्या पावसाळ्यात त्या डब्याला भुंगा लागला. वरून धड दिसणाऱ्या दाण्याला एक गोल भोक, आत पोकळ, आणि डब्याच्या तळाशी नुसती पिठी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ताट घेऊन निवडत बसले तेव्हा जेमतेम मूठभर दाणे धड निघाले. मी ताटासमोर बसून रडले. मग उठून तोंड धुतलं, आणि ऑक्टोबर लागल्यावर ती मूठ क्यारीत पेरली, सगळीच्या सगळी. जुनं बी पुढच्या वर्षी उगवेल याची खात्री नव्हती. यंदा या झाडांवर दाणा धरला नाही, तर आईचे वाल संपले. ज्याच्याकडे जाऊन मूठभर मागावेत असं एकही घर उरलं नव्हतं.

बी उगवलं. झाडं बुटकी, पसरणारी, कोकणात असतात तशीच झाली. जानेवारीच्या धुक्यात जराशी रुसली, पण ऊन निघाल्यावर पांढऱ्या फुलांचे तुरे वर आले. आणि नेमकं तेव्हाच मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. मला पुण्याला जाणं भाग होतं. निघताना मी नवऱ्याला क्यारीपाशी उभं केलं आणि सांगितलं, "पाणी बेताने घाला. कीड पडतेय का यावर नजर ठेवा. यंदाचं तुम्हाला माहीत आहे."

"तू बिनधास्त जा," तो म्हणाला. "अपना एरिया है. एक खडा दिसणार नाही."

इथे त्याच्या नोकरीतली एक गोष्ट सांगायला हवी. विमानतळावर रोज सकाळी माणसं धावपट्टीवर एका ओळीत, खांद्याला खांदा लावून उभी राहतात आणि मान खाली घालून चालू लागतात. खडा, स्क्रू, तारेचा तुकडा, पेनाचं टोपण, दिसेल ते उचलायचं. इंजिन हवा ओढतं तसा खडाही ओढून घेतं, आणि मग एवढ्याशा खड्याने विमान जायबंदी होतं. नवऱ्याने उमेदीची सगळी वर्षं ही वेचणी केली. तिचा नियम सरळ आहे. जे तिथलं नाही ते उचल, ते काय आहे याची चौकशी नंतर. घरीसुद्धा फरशीवरची माझी केसांची पिन, कढीपत्त्याचं पान, पडलेला शेंगदाणा त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याच्या या सवयीचा मला फायदाच झालेला आहे आणि तसं मी त्याला वेळोवेळी सांगितलेलंही आहे.

पुण्यात मला रोज सकाळी क्यारीचा लांबून काढलेला फोटो यायचा, खाली दोन शब्द: एरिया क्लिअर. मी निर्धास्त होते. लेकीला पेज भरवत होते आणि ती "मम्मी, अब बस करो यार" म्हणत होती.

फेब्रुवारी लागता लागता परतले. नवरा स्टेशनवर स्कूटर घेऊन आला होता. घरी पोचल्यावर मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून मागे गेले. झाडांचे शेंडे काळे पडले होते. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक कोवळ्या शेंड्यावर, फुलांच्या देठावर, नुकत्या धरलेल्या शेंगांवर मावा गच्च बसलेला, एकाला एक चिकटून. पानं आकसलेली, हात लावला तर चिकट. मुंग्यांची ये-जा चालू. हा मावा मी लहानपणापासून ओळखते. काळा, टाचणीच्या डोक्याएवढा, हलत नाही, नुसता सोंड खुपसून रस पीत बसतो आणि बसल्या जागी पिल्लं घालतो.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"ते काळं ना? मला वाटलं तुझ्या वालाचंच काही असेल. कोंब-बिंब. ते हलतच नाही," तो म्हणाला. "हलणारे सगळे काढले मी. थांब, दाखवतो."

आणि तो मोठ्या हौसेने एक काचेची बरणी घेऊन आला. बरणीत साबणाचं पाणी आणि पाण्यात तळाशी जाऊन बसलेल्या राखाडी-काळ्या अळ्या. लांबोळक्या, सहा पायांच्या, अंगावर नारिंगी ठिपके. मगरीचं पिल्लू कुणी नखाएवढं करून ठेवावं तशा.

"फार डेंजर दिसत होत्या," तो सांगत होता. "सारख्या शेंड्यावरून फिरायच्या. रोज सकाळी चिमट्याने काढल्या. पानाच्या मागे पिवळी पिवळी बुरशी होती, ती ओल्या फडक्याने पुसली. आणि काही पानांना नारिंगी खपल्या चिकटल्या होत्या, त्या नखाने खरवडल्या. ते लाल ढालकिडे होते ना, काळ्या ठिपक्यांचे, लेडीबर्ड, त्यांना नाही हात लावला. बिचारे किती सुंदर दिसतात. उडून गेले कुठेतरी."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला आणि मी तो मारलाही. शाळेत असताना आमच्या विज्ञानाच्या बाईंनी अशीच एक अळी बाटलीत ठेवायला लावली होती. ती वालाच्या शेंड्यावरचा मावा अधाशासारखी खायची. मग तिने पानाला चिकटून नारिंगी खपली केली, आणि एका सकाळी त्या खपलीतून लाल ढालकिडा बाहेर आला. आईने तो स्वतःच्या हाताने शेतात नेऊन सोडला होता.

"अहो, ही त्या लाल किड्यांची पोरं आहेत," मी म्हटलं. "ती पिवळी बुरशी नव्हती, अंडी होती. खपल्या म्हणजे कोष. आणि ते जे काळं हलत नाही ना, ती कीड. ती खायला आलेल्यांना तुम्ही बरणीत घातलंत."

त्याने बरणीकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग पुन्हा बरणीकडे.

"म्हणजे हे आपले होते?"

"आपले होते."

मी त्याला बोलले, आणि हातचं राखून नाही बोलले. शेजारच्या भाभीजी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या, त्यांना मराठी येत नाही, तरी त्यांना सगळं समजलं. माझ्या रागाचं एक बरं आहे, तो मुक्कामाला राहत नाही. चहा होईपर्यंत माझा राग उतरला होता आणि काय करायचं ते डोक्यात जुळायला लागलं होतं. पण नवऱ्याचं तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो क्यारीकडे फिरकला नाही. मागच्या दाराच्या पायरीवर पेपर घेऊन बसला आणि पेपरचं पान काही उलटेना. मी भाजी निवडायला शेजारी बसले तेव्हा म्हणाला, "तुझ्या आईचं बियाणं मी घालवलं."

या माणसाने विमानाखालच्या खड्याची काळजी वाहिलेली. त्याच्या हातून असं व्हावं, याचं मला त्या वालांइतकंच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बसून राहण्यातली मी नव्हे.

"अजून काही गेलेलं नाही," मी म्हटलं. "झाडं उभी आहेत."

तेवढ्यात बुटक्या भिंतीपलीकडून भाभीजींनी डोकं वर काढलं. त्यांच्या सेमच्या, म्हणजे आपल्या वालपापडीच्या, वेलावरही मावा होताच, त्या त्याला माहू म्हणतात. "दीदी, इतना परेशान क्यों हैं? हमारा माली इतवार को आएगा, आपके यहाँ भी पंप मार देगा. एक बार में सब साफ़."

"भाभीजी, सब साफ तो हो चुका है, उसी का रोना है," मी म्हटलं.

औषध मारून मावा मरतो, यात वाद नाही. पण मावा मरतो तसे ढालकिडेही मरतात, आणि परत येताना मावा आधी येतो. पंजाबात असताना मी हे एकदा करून बसले आहे. तिथून शेवटच्या शेंगेपर्यंत फवारणी सुटली नाही. पाण्याचा जोराचा फवारा मारून मावा झटकायचा तर त्याच्याबरोबर फुलंही गळतात आणि ह्या वर्षी एकेक फूल मला हवं होतं. ज्यांना काढून टाकलं त्यांनाच परत आणणं, एवढाच मार्ग होता. आणि ते कुठे मिळतील हे ओळखायला काही फार हुशारी लागत नव्हती. फेब्रुवारीत लखनौच्या बाहेर पडलं की जिकडेतिकडे सरसों फुललेली, आणि सरसोंवर माहू हा ठरलेला.

"स्कूटर काढा," मी नवऱ्याला म्हटलं.

जानकीपुरम विस्ताराची शेवटची घरं मागे पडली की रस्ता एकदम खेड्याचा होतो. दोन्ही बाजूंना पिवळी शेतं. एका शेताच्या बांधावर एक बाई बथुआची भाजी खुडत होती. मी तिला विचारलं, आम्ही तुमच्या शेतातले थोडे किडे नेऊ का? तिने मला दोनदा विचारायला लावलं. मग हसून हसून तिचा पदर खाली आला. "ले जाओ, बहिनी. फूल मत तोड़ना, बाकी कीड़ा-मकोड़ा सब तुम्हारा."

सरसोंच्या शेंड्यांवर करड्या-हिरव्या माव्याचा थर होता आणि त्यात आमचे राखणदार फिरत होते. लाल ढालकिडेही होते, अळ्याही होत्या. मी फक्त अळ्या घ्यायच्या असं ठरवलं. ढालकिड्याला पंख असतात. त्याला आणून सोडलं आणि आपली क्यारी पसंत पडली नाही तर तो भाभीजींच्या गच्चीवरून कुठे जाईल ते सांगता येत नाही. अळीला पंख नाहीत. जिथे ठेवू तिथे ती आधी पोट भरते.

नवरा रेवडीचा रिकामा खोका धरून बाजूला उभा होता. झाकणाला मी भोकं पाडली होती, आत सरसोंची माहू लागलेली, गळून पडलेली डहाळी. "तुम्ही पण वेचा," मी म्हटलं.

"नको. माझ्या हाताला चिमटायची सवय आहे."

मी पिशवीतून त्याचा दाढीचा जुना ब्रश काढून त्याच्या हातात दिला. तो ब्रश त्याने टाकून दिला नव्हता, कारण तो काहीच टाकून देत नाही, आणि मी तो मुद्दाम आणला होता. त्याने ब्रशचे केस अळीपुढे धरले, अळी त्यावर चढली, त्याने ती अलगद खोक्यात उतरवली. मग दुसरी. हळूहळू त्याची मान खाली गेली, पावलं ठरावीक अंतराने पडायला लागली, आणि तो बांधाच्या कडेने सरळ रेषेत निघाला. मला एक अळी दिसेपर्यंत तो चार टिपत होता. नजर तीच होती हो. कामही तेच होतं. एवढंच की आता उचललेलं जपून न्यायचं होतं.

परतताना मी मागे खोका मांडीवर घेऊन बसले होते. अळ्या उपाशी राहिल्या की एकमेकींना खायला मागेपुढे पाहत नाहीत, म्हणून मला घाई झाली होती. "जरा जोरात चालवा ना," मी म्हटलं. इतक्या वर्षांत मी त्याला स्कूटरवर "हळू" याशिवाय दुसरं काही बोललेले नाही. त्याने मान वळवून मीच बोलले ना याची खात्री करून घेतली.

संध्याकाळी क्यारीला पाणी दिलं, मुंग्यांच्या वाटा धुऊन काढल्या आणि ब्रशने एकेका शेंड्यावर अळ्या ठेवल्या. भाभीजी भिंतीवरून वाकून पाहत होत्या. "हाय राम, दीदी, ये तो काटते होंगे!"

"माहू को काटते हैं, आपको नहीं." मी थोड्या अळ्या त्यांच्या सेमच्या वेलावर ठेवल्या आणि म्हटलं, "बस, माली को रोकिए. उसका पंप इधर उड़ा तो ये सब मर जाएँगे."

भाभीजी लखनौच्या जुन्या घरातल्या. त्यांचा नकारसुद्धा साखरेत घोळवलेला असतो. त्यांनी वेलावरच्या अळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पायरीवर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्या दिवशीचं माझं बोलणं त्यांनी ऐकलेलं होतं. "चलिए, होली तक रोके देते हैं," त्या म्हणाल्या. "उसके बाद हमारी सेम, हमारी मर्ज़ी."

नवरा दुसऱ्या दिवशी सकाळी क्यारीत गेला. मी खिडकीतून पाहत होते. तो हात पाठीमागे घट्ट बांधून चालत होता, उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने धरून. आणि मग माझ्यामागे नवीन व्याप लागला. काहीही दिसलं की तो दारात येऊन हाक मारायचा, "अगं, जरा ये. हा आपला का?" कोळी आपला. हिरवट, बिनडोळ्यांची, सरपटणारी माशीची अळी, तीही आपली, तीही मावाच खाते. पाठीवर रेघा असलेला ढेकण्या आपला नाही. गॅसवर फोडणी असली तरी मला जावं लागायचं. पण मी गेले. त्याने विचारायला सुरुवात केली होती, हे काही थोडं नव्हतं.

ते दिवस सोपे नव्हते. मावा एका दिवसात जात नाही. आधी तर तो वाढतोच आहे असं वाटतं. मुलगी व्हिडिओ कॉलवर झाडं पाहून म्हणाली, "मम्मी, ज़िद मत करो, कुछ तो डाल दो. नानी का बीज है." ते मला सांगायची गरज नव्हती. ती त्याला नानीचं बी म्हणते हे ऐकून मात्र बरं वाटलं. "डाललंय," मी म्हटलं. "आता बघायचं."

आणि मी बघत बसायचे. खुर्ची टाकून, चष्मा लावून. अळी माव्याच्या गर्दीत शिरायची, एकाला उचलून धरायची, रस शोषून कातडी टाकून द्यायची आणि लगेच पुढचा. मला त्या लाल किड्यांपेक्षा ह्या अळ्या जास्त आवडतात, आणि हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. लोक वहीच्या मुखपृष्ठावर ढालकिडा काढतात. अळी कुणी काढत नाही, आणि स्वतःला कामाला जुंपून घेते ती अळीच.

मग एक दिवस एका शेंड्यावर हिरवा कोंब दिसला, स्वच्छ. मग शेजारच्या झाडावर. काळ्या थरांना भगदाडं पडली. अळ्या फुगल्या, सुस्तावल्या आणि पानांना चिकटून नारिंगी कोष करायला लागल्या. नवऱ्याने प्रत्येक कोषाजवळ एक काडी खोचली, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून. या घरात आम्ही दोघंच राहतो.

होळीला भाभीजी गुजिया घेऊन आल्या. त्यांची सेम वेलाला लगडली होती. "दीदी, माली को हमने मना ही कर दिया है," त्या गुलाल लावता लावता म्हणाल्या. मग माझ्या क्यारीकडे बघून कळवळल्या, "लेकिन आप फली तोड़ती क्यों नहीं? सख़्त हो रही है, फिर सब्ज़ी नहीं बनेगी." सेम कोवळी तोडून आलूबरोबर करायची, ही त्यांची रीत. हिरव्या शेंगा झाडावर कडक होऊ देणारी बाई त्यांच्या लेखी जरा कामातून गेलेली. मी म्हटलं, "सूखने देंगे, भाभीजी. दाना चाहिए." त्यांना काही ते पटलं नाही.

शेंगा वाळत आल्या. आई झाडं पहाटे उपटायची, दंव असताना, म्हणजे शेंगा नरम राहतात आणि तडकत नाहीत. मीही तसंच ठरवलं होतं, अजून एक-दोन उन्हं खाऊ द्यायची आणि मग पहाटे उपटायची. पण कोकणातली हवा खारी, दमट. तिथे शेंग वाट पाहते. इथे पछुआ सुटतो, पश्चिमेचा कोरडा वारा, आणि यंदा तो सुटला तो आम्ही नवऱ्याचे डोळे तपासायला अलीगंजला गेलो होतो तेव्हाच. दुपारी परत येऊन मागचं दार उघडलं. शेंगा झाडावरच पिळवटून उघड्या पडल्या होत्या, रिकाम्या. दाणे उडाले होते. मातीचा रंग तांबूस, दाण्याचा रंग तांबूस, वरून वाळक्या पानांचा खच. भिंतीवर कबुतरं बसली होती आणि एक खार काहीतरी कुरतडत होती.

मी पायरीवर बसले. मावा गेला, अळ्या जगल्या, फुलं टिकली, आणि आता सगळं पाखरांच्या पोटात. मला आईचा डबा दिसायला लागला, रिकामा.

"बसू नकोस," नवरा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत तपासणीचं औषध घातलेलं होतं, त्याने ते रुमालाने पुसले. "ऊठ. ओळीत उभी राहा."

"काय?"

"खांद्याला खांदा. मी इकडून, तू तिकडून. मान खाली. पाऊल लहान. जे दिसेल ते उचल."

मी उठले. त्याने कबुतरं हाकलली, चपला काढल्या आणि क्यारीच्या टोकाला उभा राहिला. मी शेजारी. आम्ही चालायला लागलो. पलीकडून भाभीजींनी विचारलं काय झालं, आणि सांगितल्यावर त्याही त्यांच्या बाजूला भिंतीच्या कडेकडेने वाकून चालू लागल्या. नवरा एकेक वाळकं पान उचलायचा, खाली पाहायचा, आणि दाणा मुठीत घ्यायचा. मला जिथे नुसती माती दिसत होती तिथून तो दाणे काढत होता. मध्येच तो थांबला. हातातल्या पानाला एक नारिंगी कोष चिकटलेला होता, अजून न फुटलेला. त्याने ते पान होतं तसं, होतं तिथे खाली ठेवलं आणि त्याला वळसा घालून पुढे गेला. तेव्हा मात्र मला रडू आलं, आणि मी ते पुसलंही नाही, कारण दोन्ही हात भरलेले होते.

शेवटी तो माझ्यासमोर आला आणि त्याने ओंजळ उघडली. बारीक, तांबूस दाणे, मातीसकट.

"चेक कर," तो म्हणाला. "हे आपले का?"

"सगळे आपलेच," मी म्हटलं आणि ओढणी पसरली.

पेरलेल्या मुठीहून कितीतरी जास्त होते. भाभीजीही भिंतीवरून हात पुढे करून उभ्या होत्या. "दीदी, ये हमारी तरफ़ गिरे थे. लीजिए."

मी त्यांची मूठ माझ्या हाताने मिटवली. "ये आप रखिए. अक्टूबर में बो दीजिए. कभी हमारे ख़त्म हो जाएँ, तो मैं आपसे माँगने आऊँगी."

भाभीजींनी मुठीकडे पाहिलं. "और फली? सख़्त होने दें?"

"बिलकुल सख़्त."

त्या वळल्या, तेवढ्यात नवऱ्याने त्यांना मागून हाक मारली. हात अजून मातीने भरलेले, डोळे औषधाने लाल. "और भाभीजी, उस पर कोई कीड़ा दिखे, तो मारने से पहले हमें आवाज़ दे दीजिएगा. अपना भी हो सकता है."